टॅग कुठे कुठे वापरलाय?

प्रश्न : सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याचा मेंटेनन्स बघतो. डाइंगच्या सीमेन्स पीएलसीतला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधला) कुठला टॅग (सिग्नलला दिलेलं नाव) प्रोग्रॅममध्ये कुठे वापरलाय, ही यादी दर बदलानंतर हाताने करतो. आपोआप होईल का?

उत्तर : होईल, आणि कराच. टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरच्या 'ओपननेस' या सोयीतून ब्लॉक (प्रोग्रॅमचे भाग) एक्सएमएल या मजकूर-फाइलमध्ये निघतात. आधी कंपाइल करा. पासवर्ड लावलेल्या ब्लॉकमधला कोड निघत नाही. पुढे पायथनची छोटी स्क्रिप्ट टॅग, ब्लॉक, नेटवर्क (ब्लॉकमधला प्रोग्रॅमचा तुकडा) अशी यादी करते. कालच्या यादीशी ताडून बघा.

पण पॉइंटरने (टॅगचं नाव न घेता, प्रोग्रॅम चालताना ठरणाऱ्या पत्त्याने) गाठलेला मेमरीतला पत्ता या यादीत सापडत नाही. मी असाच एक पत्ता रिकामा समजून दुसरीकडे वापरला. त्यावर वाफेचा व्हॉल्व्ह चालत होता. पॉइंटर असलेले ब्लॉक स्वतः वाचा, यादीत लाल अक्षरात नोंदवा.