उतारावरचं घर आणि ‘पाच वर्षांत डबल’

प्रश्न: वय 56, राजेंद्रनगर, इंदूर. पीथमपूरला नोकरी, महिन्याला हातात 1.4 लाख, चार वर्षांनी निवृत्ती. इंदूरजवळ चोरलकडे उतारावर 22 लाखांचा प्लॉट घेतलाय. डायव्हर्शन, म्हणजे शेतजमिनीवर घर बांधायची परवानगी, होऊन जाईल म्हणतात. आर्किटेक्टनं दरीवर झेपावणारं काच-काँक्रीटचं घर काढलंय, अंदाज 65 लाख. फंडांत 35 आहेत. उरलेल्यासाठी होम लोन घ्यावं की पीएफ काढावा? वर्षाला 5 लाखांची पॉलिसीही आहे, दोन हप्ते झाले. पाच वर्षांत डबल होऊन इंटिरियरला येईल. कागद जोडलाय.

उत्तर: लोन नको, पीएफला हातही लावू नका. आता त्या पॉलिसीकडे येऊ.

तुमच्याच कागदावर छापलंय: हप्ते 10 वर्षं, मुदत 15 वर्षं. म्हणजे 50 लाख भरायचे आणि सत्तरीला 85 घ्यायचे. परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास. कसलं डबल? शिवाय दहापैकी पाच हप्ते, म्हणजे 25 लाख, पगार बंद झाल्यावर भरायचे! पंचावन्नाव्या वर्षी हे गळ्यात मारणाऱ्याला स्वतःचं टार्गेट तेवढं दिसत होतं.

फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी परत करायचे, 30 दिवस केव्हाच गेले. तिसरा हप्ता भरण्याआधी कंपनीकडून दोन आकडे लेखी घ्या: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती; पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर सत्तरीला किती. दहातले दोन हप्ते भरलेत, म्हणून पेड-अप ढोबळमानानं 17 लाख धरू. 7 टक्क्यांनी चौदा वर्षांत 17 व्हायला आज साडेसहा लाख लागतात. सरेंडरचे त्याहून जास्त येत असतील तर उचला, नाहीतर पेड-अप करा. नुकसान दोन्हीकडे आहे, पण पुढचे 40 लाख सुटतात. ‘डबल’चा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर डिलीट करू नका. आधी कंपनीकडे तक्रार, तिथं दाद लागली नाही तर भोपाळला विमा लोकपालांकडे.

आता घर. बँकेनं साठीपर्यंतचंच लोन दिलं तर 30 लाखांचा हप्ता 74 हजार. पॉलिसीचे महिन्याला 42 हजार. घरखर्चाला उरले 24. अर्थात शेतजमिनीवर डायव्हर्शनशिवाय होम लोन मिळणंच अवघड, तेही बरंच म्हणायचं.

65 लाखही मला पटत नाहीत. माती अडवणारी रिटेनिंग वॉल, पावसाच्या पाण्याचा निचरा, खाली माल उतरवायची मजुरी. उतारावर मी तिसरा हिस्सा जादा धरतो. आर्किटेक्टनं तुम्हाला फॉलिंगवॉटरचे फोटो दाखवले असतीलच. अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटच्या धबधब्यावरच्या त्या घराचा अंदाज होता 35 हजार डॉलर, खर्च झाला 1 लाख 55 हजार. पाण्यावर झेपावणारे मजले पुढे वाकले. 2002 मध्ये पोलादी केबल ताणून ते सावरावे लागले. मालक बड्या दुकानाचे धनी होते, त्यांना झेपलं.

सध्या पैसे फक्त डायव्हर्शन आणि माती परीक्षणावर घाला. ते झालं की रस्त्यालगतच्या वरच्या भागात 25 लाखांत दोन खोल्या बसतात का, हे आर्किटेक्टला विचारा.