दिवे लागल्यानंतरचे फोटो : वाचकांचे प्रश्न

दिवाळी, लग्नसराई आणि शाळांची स्नेहसंमेलनं जवळ आली की या सदराकडे एकाच धाटणीची पत्रं येतात: दिवसा फोटो झकास येतात, संध्याकाळ झाली की बिघडतात. त्यांतले वेगळे प्रश्न निवडून इथे घेतले आहेत.

प्रश्न : संध्याकाळी घरात ट्यूबलाइट चालू असते, तरी दोन वर्षांच्या मुलीचा एक फोटो धड येत नाही. नाइट मोड लावला तर तिचे हात-पाय विरघळल्यासारखे दिसतात. फोन नवा आहे. मग चुकतंय कुठे? (सांगली)

उत्तर : फोन ठीक आहे, मोड चुकतोय. नाइट मोडमध्ये फोन एकच फोटो काढत नाही. एक ते तीन सेकंदांत बऱ्याच फ्रेम टिपतो, एकावर एक बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. नऊ फ्रेम नीट जुळल्या तर फोटोतले दाणे, म्हणजे नॉइज, एक-तृतीयांशावर येतात. सोळा जुळल्या तर पाव. भिंत, इमारत, मखर असल्या जागच्या न हलणाऱ्या गोष्टींना हे उत्तम. मूल मात्र प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतं, आणि त्याची सरासरी तुम्ही पाहिलीच आहे. म्हणून मुलगी झोपलेली असेल तर नाइट मोड खुशाल लावा, जागी असेल तर बंद.

प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने ठरवायची सोय, असेल तर शटर स्पीड (उजेड आत घेण्याचा वेळ) १/१०० सेकंदावर ठेवा आणि आयएसओ (आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) ८०० पासून सुरू करा. एफ १.८ च्या लेन्सला (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते) एका ट्यूबलाइटच्या खोलीत एवढं बहुतेक वेळा पुरतं. अंधार वाटला तर आयएसओ १६०० करा, पण शटरचा वेळ वाढवू नका. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो. हललेल्या फोटोला कुठल्याच ॲपमध्ये खात्रीचं औषध नाही.

नेमका १/१०० कशासाठी, तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, सेन्सरला, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपला, कळतं. १/१०० मध्ये एक लुकलुक पूर्ण बसते, १/५० मध्ये दोन. १/२५० किंवा १/५०० लावलात की फोटोवर आडवे काळपट पट्टे उमटतात आणि लोकांना वाटतं कॅमेरा बिघडला.

आता सेटिंगपेक्षा महत्त्वाची गोष्ट. दिव्यापासूनचं अंतर निम्मं केलं की छोट्या दिव्याचा उजेड चौपट होतो. बल्बपासून दोन मीटरवर खेळणारं मूल एक मीटरवर आणलंत तर आयएसओ १६०० चं काम ४०० मध्ये होतं. ट्यूबलाइट लांबलचक असल्यामुळे तिथे फायदा एवढा नसतो, पण असतोच. खेळणी दिव्याच्या जवळ नेऊन ठेवा, मुलगी आपोआप येईल. दिवा बाजूला आणि थोडा समोर असावा. थेट डोक्यावर असला तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो.

बोटांनी झूम करू नका आणि ०.५ ची लेन्सही वापरू नका. फोनची मुख्य लेन्स सर्वांत जास्त उजेड घेते आणि तिच्यामागचा सेन्सरही सहसा सर्वांत मोठा असतो. तुम्ही दोन पावलं पुढे जा. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर स्पीड हाताने ठरवता येत नाही. तिथे नाइट मोड बंद करून सलग आठ-दहा फोटो काढावेत. मूल हसताना, घास घेताना किंवा काही बघताना क्षणभर थांबतं, त्यातला एखादा स्वच्छ मिळतो.

प्रश्न : देवघरात समई लावून फोटो काढला की ज्योत पांढरीफटक होते आणि मागची भिंत उगाच उजळते. डोळ्यांना दिसतं तसं का येत नाही? (चिपळूण)

उत्तर : कॅमेऱ्याला समई ओळखू येत नाही. चौकटीत नव्वद टक्के काळोख दिसला की तो सगळं उजळायला जातो. ज्योतीवर बोट दाबून धरून फोकस लॉक करा आणि शेजारी येणारी सूर्याची खूण खाली ओढा. एक्स्पोजरचे (फोटो किती उजळ त्याचे) आकडे दिसत असतील तर उणे १ ते उणे १.७ च्या दरम्यान थांबा. ज्योतीच्या कडेला नारिंगी रंग दिसायला लागला की बरोबर. ज्योत एकदा पांढरी झाली की तिथे माहितीच उरत नाही, एडिटिंगमध्ये ती फार तर राखाडी होते.

रंगाचं दुसरं दुखणं म्हणजे ट्यूबलाइट. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका पिवळा. ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, पांढऱ्या ट्यूबचा ६५०० च्या आसपास. दोन्ही एकत्र असले की एका व्हाइट बॅलन्सने (रंगाचा कल दुरुस्त करणाऱ्या सेटिंगने) दोघांचं समाधान होत नाही: समई बरोबर करावी तर भिंत निळी, भिंत बरोबर करावी तर समई शेंदरी. ट्यूब बंद करा. व्हाइट बॅलन्स हाताने २८०० ते ३२०० वर ठेवा. ज्योत अगदी पांढरी दिसेल इतकी दुरुस्ती करू नका. पिवळेपणा गेला की तो देवघराचा फोटो वाटत नाही, दुकानाच्या काउंटरचा वाटतो.

मूर्तीचा चेहरा काळा राहत असेल तर कॅमेऱ्याच्या मागे, फोटोत येणार नाहीत अशा चार-पाच पणत्या लावा. किंवा समईच्या समोरच्या बाजूला, चौकटीबाहेर पांढरा कार्डशीट उभा धरा. त्यावरून परतणारा उजेड कमी असतो, पण सावल्या उघडायला पुरतो. कागद आणि ज्योत यांत हातभर अंतर ठेवा, हे सांगायची गरज नसावी.

प्रश्न : डीएसएलआरबरोबर आलेली १८–५५ ची लेन्स आहे. स्नेहसंमेलनाचे फोटो अंधारे आणि हललेले येतात. कॅमेरा बदलू की लेन्स? (नाशिक)

उत्तर : लेन्स. ५५ मिलिमीटरला तुमची लेन्स एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. ५० मिलिमीटर एफ १.८ ही जवळपास प्रत्येक कंपनीची स्वस्तातल्या लेन्सपैकी एक असते आणि ती तुमच्या लेन्सच्या सुमारे दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे ६४० वर भागतं. बॉडी बदलून एवढा फरक त्याच पैशात पडणार नाही.

पण एफ १.८ ची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. तुमच्या सेन्सरवर तीन मीटर अंतराला जेमतेम २५ सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. एकटी नाचणारी मुलगी असेल तर चालेल. दोन रांगांत उभ्या मुलांपैकी मागची रांग धूसर होईल. समूहासाठी एफ २.८ ते ४ ठेवा आणि आयएसओ वाढवा. नृत्याला शटर १/२५०, भाषणाला १/१०० पुरे. संथ नृत्यात हात थांबतो तो क्षण पकडता आला तर १/१२५ वरही निभावतं.

मागचा पडदा काळा असतो म्हणून कॅमेरा चेहरे जाळतो. मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) स्पॉटवर, म्हणजे एका ठिकाणापुरतं, घेऊन चेहऱ्यावर मोजा, नाहीतर एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ करा. एलईडी पारच्या, म्हणजे रंगमंचावरच्या रंगीत दिव्यांच्या, निळ्या-जांभळ्या झोतात आणखी एक सापळा आहे: एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) शहाण्यासारखा दिसतो, पण निळा किंवा लाल रंग एकटाच मर्यादेबाहेर गेलेला असतो आणि चेहरा सपाट रंगाचा डाग होतो. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम बघायची सोय असेल तर ते बघा. असा फोटो आधीच निघून गेला असेल तर रंग दुरुस्त करण्यात रात्र घालवू नका, कृष्णधवल करून टाका.

प्रश्न : अंधारा फोटो ॲपमध्ये उजळला की सावल्यांत रंगीत ठिपके आणि जांभळे चट्टे येतात. नॉइज रिडक्शन लावलं की चेहरा मेणाचा होतो. मधला मार्ग आहे का? (पुणे)

उत्तर : आहे, पण तो फोटो काढतानाच सुरू होतो. दाणे आयएसओमुळे येतात हा समज पसरलेला आहे. खरं कारण म्हणजे सेन्सरपर्यंत पोहोचलेला अपुरा उजेड. म्हणून आयएसओ ४०० वर अंधारा फोटो काढून नंतर उजळण्यापेक्षा १६०० वर बरोबर उजेडाचा काढणं जवळपास नेहमीच फायद्याचं. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. गडद भागाच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच येतात, शिवाय फाइल लहान करताना तिथला तपशील आणखी कापला जातो. तो भाग ताणला की चट्टे उघडे पडतात. १४ बिटच्या रॉ (सेन्सरच्या कच्च्या) फाइलमध्ये पायऱ्या १६,३८४ असतात. त्यामुळे जेपेग साधारण एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजळेपर्यंत सहन करतं, रॉ दोन-तीन.

एडिटिंगचा क्रम असा ठेवा. आधी व्हाइट बॅलन्स, कारण चुकीचा रंग तसाच ठेवून उजळलं तर चट्टे वाढतात. मग एक्स्पोजर. मग शॅडोज (गडद भाग) थोडे वर, आणि लगेच ब्लॅक्स (अगदी काळा भाग) खाली. ही पायरी बहुतेक जण गाळतात. रात्रीच्या फोटोत काळं काळंच राहिलं पाहिजे, आणि सगळ्यात जास्त दाणे त्याच कोपऱ्यांत असतात. त्यांना अंधारात राहू दिलं की निम्मं काम होतं.

त्यानंतर नॉइज. लाइटरूमसारख्या ॲपमध्ये दोन वेगळे स्लायडर मिळतात. रंगीत ठिपक्यांचा कलर नॉइज २५ ते ४० पर्यंत निर्धास्त वाढवा, चेहऱ्याचं फारसं काही बिघडत नाही. दाण्यांचा ल्युमिनन्स मात्र २० ते ३० वर थांबवा. ४० च्या पुढे कातडीचा पोत, भुवया आणि साडीची जर एकत्र पुसली जाते. तुमचा मेणाचा चेहरा तिथलाच. शार्पनिंग शेवटी आणि मास्किंग ६० च्या वर ठेवून, म्हणजे ते फक्त कडांना लागेल, गालांवरच्या दाण्यांना नाही. फोनच्या कॅमेऱ्यातला ब्यूटी मोडही बंद आहे ना ते बघा. तो कातडी आधीच गुळगुळीत करून ठेवतो आणि दोष ॲपवर येतो.

आणि स्क्रीनवर बोटांनी फुगवून दाणे मोजत बसू नका. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या फोटोतले पाचएक पिक्सेल मिळून प्रिंटचा एक होतो आणि दाणे निम्म्याहून कमी दिसतात. अल्बममध्ये लावायचा फोटो त्याच आकारात बघून ठरवावा.

प्रश्न : त्रिपुरी पौर्णिमेला कोल्हापुरात पंचगंगा घाटावर पहाटे पणत्या लावतात. तिथे जायचं आहे, ट्रायपॉड आहे. सेटिंग काय ठेवू? (इचलकरंजी)

उत्तर : आयएसओ २००, एफ ५.६, २ ते ४ सेकंद इथून सुरुवात करा. बटण दाबताना कॅमेरा हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. जुन्या लेन्सचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद ठेवा, नाहीतर नसलेला हादरा ती दुरुस्त करत बसते. फोकस एका पणतीवर धरून मग मॅन्युअल करा.

संध्याकाळच्या दीपोत्सवात आकाश हळूहळू काळं होत जातं. इथे सगळं उलट आहे. सूर्योदयाच्या साधारण ४० ते २५ मिनिटं आधी आकाश गडद निळं असतं आणि पणत्यांचा उजेड त्याच्या तोडीस तोड भरतो. खरा फोटो तेवढ्या वेळातला. त्यानंतर दर दोन-तीन मिनिटांनी शटरचा वेळ कमी करत जा, आणि आकाश फिकं पडलं की आवरतं घ्या. पाण्यात सोडलेले दिवे दोन सेकंदांत रेघा होतात. ते ठिपक्यांसारखे हवे असतील तर १/१५ आणि आयएसओ ३२०० वर एक वेगळा फोटो काढा. पायऱ्यांवर गर्दी असते, ट्रायपॉडचे पाय पूर्ण पसरू नका आणि पणत्यांच्या तेलावरून जपून चाला.

प्रश्न : रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रेघा येतात, शिवाय हिरवे ठिपके तरंगतात. (पणजी)

उत्तर : रेघा म्हणजे लेन्सवरचा बोटांचा तेलकटपणा. चष्म्याच्या कापडाने पुसा. कॅमेऱ्यावर चिकटवलेली संरक्षक काच असेल तर ती काढून एकदा तपासा. हिरवे ठिपके ही लेन्सच्या आतली परावर्तनं. चौकटीच्या मध्याच्या या बाजूला दिवा असेल तर बरोबर समोरच्या बाजूला ठिपका असतो. फोन किंचित तिरका करून तो काळ्या आकाशात ढकला, म्हणजे ॲपमधल्या हीलिंगच्या (डाग पुसण्याच्या) एका टिचकीने जातो. चेहऱ्यावर बसला तर निघत नाही.

प्रश्न : वाढदिवसाला केक कापताना दिवे घालवतात. फ्लॅश मारला तर चेहरे पांढरे, मागचे पाहुणे गायब. (ठाणे)

उत्तर : फ्लॅशपासून एक मीटरवरच्या चेहऱ्याला जेवढा उजेड मिळतो त्याचा नववा हिस्सा तीन मीटरवरच्या पाहुण्याला मिळतो. त्यामुळे फोनचा फ्लॅश बंदच ठेवा. सगळे दिवे घालवण्याऐवजी स्वयंपाकघरातला किंवा पॅसेजमधला एक चालू राहू द्या. तेही नको असेल तर दुसऱ्या कुणाच्या फोनचा टॉर्च जवळच्या पांढऱ्या भिंतीवर मारायला सांगा, चेहऱ्यांवर नाही. परतून येणारा उजेड मऊ असतो आणि मागच्यांपर्यंतही पोहोचतो. फुंकर मारण्याआधीच फोटो उरकून घ्या, नंतर धूरच येतो.

प्रश्न : फोनवर बरा दिसणारा रात्रीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की चौकोनी चौकोनी होतो. (लातूर)

उत्तर : व्हॉट्सॲप दाणेदार फोटो लहान करतं तेव्हा दाण्यांचे ठोकळे होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रश्न : कोजागिरीचा चंद्र नेहमी पांढरा गोळा का येतो? (वर्धा)

उत्तर : कारण चंद्रावर त्या वेळी भर ऊन असतं, अंधार तुमच्या गच्चीवर असतो. कॅमेऱ्यात आयएसओ १००, एफ ८, १/१२५ ते १/२५०, आणि निदान २०० मिलिमीटरची लेन्स. फोनवर चंद्रावर बोट दाबून धरा आणि डाग दिसेपर्यंत उजेड खाली ओढा. दुधाची वाटी आणि चंद्र एकाच फोटोत नीट यायला हवे असतील तर चंद्र नुकताच उगवल्यावर, आकाशात थोडा उजेड असतानाच काढा. मध्यरात्री दोन वेगळे फोटो काढून जोडावे लागतात.