कढीपत्त्यावरची अळी हिरवी कशी झाली?

प्रश्न: आमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी काळपट-पांढरी अळी होती, काही दिवसांनी बघतो तर चक्क हिरवीगार! पानं बघून रंग बदलला का तिने? – एक वाचक, सांगली

उत्तर: निरीक्षण छान आहे तुमचं, पण नाही, पानं बघून नाही बदलला. ही बहुतेक लाईम बटरफ्लायची अळी, पहिल्या चार अवस्थांत ती शिटेसारखीच दिसते म्हणजे बुलबुल वगैरे सोडून देतात, आणि चौथ्यांदा कात टाकली की हिरवी होते, मग आजूबाजूला काही का असेना. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये तिच्या एका भावकीतल्या फुलपाखरावर दाखवलं की हा सगळा खेळ ज्युवेनाईल हॉर्मोनचा, म्हणजे अळीच्या अंगातल्या एका संप्रेरकाचा आहे, ते कमी झालं की हिरवा रंग येतो, आणि नेमक्या वेळी वरून लावलं तर पुढच्या अवस्थेतही शिटेचंच रूप राहतं.

पण खरोखर आजूबाजूचं बघून रंग बदलणाऱ्या अळ्या असतात हां! इंग्लंडमधला पेपर्ड मॉथ ऐकला असेल, कारखान्यांच्या काजळीमुळे काळा झालेला पतंग म्हणून शाळेत शिकवतात. त्याची अळी हुबेहूब काडीसारखी, आणि ज्या रंगाच्या काडीवर वाढते तसा रंग घेते, हिरवा म्हणा, तपकिरी म्हणा. मला सगळ्यात भारी वाटतो तो २०१९ चा प्रयोग, लिव्हरपूल युनिव्हर्सिटी आणि जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या लोकांनी तीनशेवर अळ्या घेतल्या आणि काहींच्या त्या बारीकशा डोळ्यांवर काळा ॲक्रेलिक पेंट लावला, तरी त्या अळ्यांनी रंग बरोब्बर जुळवला! मग कातडी तपासली तर डोळ्यात उजेड ओळखायला लागणारी जनुकं (जीन्स) तिथेही चालू, म्हणजे अळी अंगानेच रंग बघते. अर्थात सरड्यासारखं झटपट नाही, दिवसच्या दिवस लागतात.

तुमच्या अळीचा कोष मात्र जागा बघून रंग घेतो, हिरव्या डहाळीवर बहुतेक हिरवा आणि सुक्या काठीवर तपकिरी. त्यामुळे औषध मारू नका प्लीज, कुंडीत एक सुकी काठी रोवून ठेवा, अळी खाणं सोडून फिरायला लागली की समजा कोष बांधायची वेळ आली. ती काठीवर जाते का डहाळीवर ते बघा आणि आम्हाला नक्की कळवा.