सर्जनसाठी दोन दिवसांचं लीडरशिप वर्कशॉप: रुग्णसुरक्षेला खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचं 30 खाटांचं हॉस्पिटल, दोन सर्जनना बाहेरगावी लीडरशिप वर्कशॉपला पाठवायचंय, पैसे वसूल होतील का?

एकट्या सर्जनना पाठवणार असाल तर राहू द्या. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांनी सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, टेक्निशियन सगळ्यांना एकत्र बसवून शिकवलं. 2010 मध्ये निकाल छापून आले: ट्रेनिंग झालेल्या ठिकाणी ऑपरेशननंतरचे मृत्यू 18 टक्क्यांनी घटले, न झालेल्या ठिकाणी 7 टक्क्यांनी. उलट कॅनडातल्या ओंटारिओत चेकलिस्ट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी तपासून टिक मारायची सुरक्षेची यादी, सक्तीची केली, पण 2014 मध्ये 101 हॉस्पिटलांचे आकडे आले तेव्हा मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. टीमची सवय तीच राहिली की नुसता कागद भरला जातो, असं माझं मत. ऑपरेशन संपल्यावर ड्युटी रूममध्ये बसून सगळ्या रकान्यांत टिक मारणं आपल्याकडेही चालतंच.

आपल्या भागातली खरी अडचण निराळी. खानापूर, निपाणी, चिक्कोडीच्या छोट्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ व्हिजिटिंग असतात, बरेचदा सर्जनही. टीम रोज वेगळी. सर्जन मराठीत बोलतात, सिस्टर कन्नडमध्ये, रुग्ण एखाद्या खेड्यातला, आणि त्या दिवसाच्या ऑपरेशनांच्या एकाच लिस्टवर दोन पाटील. म्हणून तालीम तुमच्याच ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घ्या, लिस्ट नसलेल्या दुपारी, 45 मिनिटं, महिन्यातून दोनदा.

पहिली तालीम टाइम-आउटची, म्हणजे ऑपरेशन सुरू करण्याआधी थांबून सगळं तपासण्याची. छेद घेण्याआधी सगळ्यांचे हात थांबलेले, मोबाइल बाजूला. प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं. यात वॉर्डबॉयही आला. ज्याने एकदा तोंड उघडलं तो पुढे अडचण दिसली तर बोलतो. मग रुग्णाचं पूर्ण नाव, ऑपरेशन, बाजू (डावी की उजवी). बाजू कोणत्या भाषेत बोलायची ते आधी ठरवा आणि त्वचेवरच्या खुणेशी ताडून पाहा. अँटिबायोटिक गेल्या 60 मिनिटांत दिलंय का? शेवटी सर्जनने स्वतः सांगायचं: अवघड टप्पा कोणता, किती रक्त जाईल, 500 मिलीपेक्षा जास्त जाणार असेल तर रक्ताची सोय काय. छोट्या गावात ब्लड बँक लांब असते. हा प्रश्न पोट उघडल्यावर विचारून उपयोग नाही.

दुसरी तालीम सूचना देण्याची. सर्जन हवेत ओरडतात, "अरे कोणीतरी सक्शन बघा!" आणि सगळे एकमेकांकडे बघतात. नाव घेऊन सांगा, समोरच्याने ते परत म्हणावं, काम झाल्यावर "झालं" म्हणावं. सिझेरियननंतरचा रक्तस्राव आणि औषधाची तीव्र ॲलर्जी, हे दोन प्रसंग खोटा रुग्ण ठेवून करून बघा. कोणत्या कपाटात काय सापडत नाही, तेही त्यातच कळतं.

तिसरी गोष्ट सर्जनना सगळ्यांत जड जाते. मॉप (ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचे कापडी तुकडे) मोजताना एक कमी भरला आणि सिस्टर "थांबा" म्हणाली, की टाके थांबले पाहिजेत. नंतर तो बादलीत सापडला तरी उत्तर एकच, "बरं झालं सांगितलंत." त्या वेळी सर्जन एकदा खेकसले, की पुढच्या खेपेला ती गप्प राहील, आणि ते कुठल्या रजिस्टरमध्ये दिसणार नाही.

मोजमापासाठी स्कॉटलंडमध्ये सर्जनसाठीच बनवलेली नॉट्स ही पद्धत बघा. परिस्थितीचं भान, निर्णय, संवाद व टीमवर्क, नेतृत्व अशा चार भागांत 1 ते 4 गुण देतात. गुण देणारा मात्र त्या सर्जनच्या हाताखालचा नको. आणखी एक सोपी परीक्षा: तालमीत, खोट्या रुग्णावर, सर्जनने मुद्दाम चुकीची बाजू सांगायची, हे फक्त ट्रेनरला माहीत. कोणीच अडवलं नाही, तर टाइम-आउटची तालीम पुन्हा पहिल्यापासून.