तिखट ही चव आहे का? मिसळ खाल्ली की तोंड का भाजतं?

नाही, जिभेला मुख्य चवी पाच कळतात, गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे रश्शा-सूपला येते ती भरलेली रुचकर चव. तिखट हे स्पर्शाच्या, म्हणजे गरम आणि दुखणं कळण्याच्या खात्यातलं. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे नसांवरच्या संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, तो एरवी साधारण ४३ डिग्रीच्या वर गरम लागलं की चालू होतो, त्यामुळे मेंदूला वाटतं तोंड खरंच भाजतंय, मग घाम, नाकातून पाणी सगळं सुरू. मिरची चिरून डोळ्याला हात लागला तरी आग होते ना, तिथे कुठे चव कळते! या शोधासाठी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियसना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं, जबरदस्त काम आहे. आणि पुण्यात मिसळीवर तर्री जास्त झाली तर पाण्याने फार फरक नाही पडणार, कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळतच नाही, सरळ दही मागवा.