तिथं आपल्यातलं कुणी असतं का?

पुढं काय शिकायचं याचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणारी मुलं खरा प्रश्न खुर्चीत बसून विचारत नाहीत. फी, कट-ऑफ, हॉस्टेल सगळं बोलून होतं, पाणी पिऊन होतं आणि बाहेर चपला घालायला वाकली की मग हळूच येतो. "मॅडम, तिथं आपल्यातलं कुणी असतं का?"

साताऱ्यात 'आपल्यातलं' म्हटलं की ऐकणारा आधी जात धरतो. कधी तसं असतंही, नाही कशाला म्हणू. पण बहुतेकदा त्या एका शब्दात बरंच कोंबलेलं असतं: गावाकडचं, मराठी शाळेतलं, एसटीनं येणारं, घरात काळा कोट नसलेलं. लॉ करू म्हणणाऱ्यांकडून हा प्रश्न मला फार ऐकायला मिळतो. बाप इंजिनिअर नाही म्हणून इंजिनिअरिंगला जाणारा पोरगा बिचकत नाही. वकिलीचं मात्र पोरांनी मनात धरलेलं असतं की तो वाडा आहे आणि वाड्यात वारसानंच शिरायचं.

मागच्या दिवाळीनंतर माण तालुक्यातली एक मुलगी आली. तिच्या परवानगीनं लिहितेय; नाव देत नाही, एकदोन तपशील बदललेत. बी.ए.चं शेवटचं वर्ष, वडिलांची पन्नासेक मेंढरं, सोबत चुलतभाऊ. हातात साडीच्या दुकानाची पिशवी. मला वाटलं गुणपत्रिका असतील. निघाले वाटणीच्या दाव्याचे कागद. नऊ वर्षं चाललेला दावा. आबा तारखेला जायचे, तिथं काय झालं ते त्यांना नीट सांगता यायचं नाही, म्हणून सातवीत असल्यापासून ही कागद वाचून घरच्यांना अर्थ सांगायची. 'तूर्तातूर्त मनाई' म्हणजे काय ते तिनं चौदाव्या वर्षी मास्तरांना विचारलं होतं. आता मोबाईलवर केस नंबर टाकून पुढची तारीख तीच बघते.

"मग लॉ करायचंय?"

यावर हो आलं नाही. "आमच्यात कुणी केलं नाही," एवढंच. आणि जाताना, चपला घालताना, तो वरचा प्रश्न.

मी उत्तर द्यायला गेले आणि दोनदा चुकले.

पहिल्यांदा मी तिला थांबवून म्हटलं, "अगं, साताऱ्यात बसून तू हे विचारतेस?" आणि सुरू झाले. इथून जवळच क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुणे तिथले. १९६४ साली भारताचे सरन्यायाधीश झालेले गजेंद्रगडकर १९०१ मध्ये याच साताऱ्यात जन्मले. आणि ७ नोव्हेंबर १९०० ला इथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजीचं, म्हणजे पुढच्या डॉ. आंबेडकरांचं, नाव पटावर चढलं. तो मुलगा पुढं बॅरिस्टर होऊन आला, आणि शाळाप्रवेशाचा तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. सगळं खरं. तिनं शाळेतल्या भाषणासारखं हात जोडल्यागत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती मोठी माणसं होती, मॅडम." खांद्यावर हात ठेवायला गेले आणि पुतळा ठेवून आले.

दुसरी चूक जरा महाग पडली. ओळखीतल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे तिला पाठवलं. माणूस सज्जन, चहा पाजला, अर्धा तास दिला. पण पहिलाच प्रश्न, "घरात कुणी आहे का या लाइनीत?" नाही म्हटल्यावर, "मग सुरुवातीला जरा जड जातं." खोटं काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी तिचा फोन: "मी एमएसडब्ल्यूचं बघू का?" म्हणजे लॉ सोडून समाजकार्याचं.

आता मला काही सुचेना. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे येऊन गेलेला एक मुलगा लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचे वडील शिंपी, वकिलांचे कोट आणि गाऊन शिवतात. त्याला म्हटलं, रविवारी तुमच्यातले तीन-चार जण घेऊन ये, टॉपर नकोत, सत्कारमूर्ती नकोत. तो चौघांना घेऊन साताऱ्यातल्या 'चार भिंती' या टेकडीवरच्या जागी आला. चहा मी थर्मासमधून नेला होता, वडापाव त्यांनी आणले.

ती आधी माझ्या मागंच बसली होती. ओळखी सुरू झाल्या. एक सतरा वर्षं सैन्यात काढून परत आलेले, वय एक्केचाळीस. सगळा वर्ग त्यांना मेजर म्हणतो, हुद्दा हवालदाराचा. एक कराडहून येणाऱ्या, दोन मुलांची आई, शाळा कॉन्व्हेंटची. एक बीडचा; त्याचे आईवडील ऊसतोडीला इकडच्या कारखान्यांवर यायचे, तो हॉस्टेलवर राहून शिकला. एक साताऱ्यातल्याच वकिलाचा मुलगा. आणि हा शिंप्याचा. त्याला कुणीतरी विचारलं, "तुझा कोट शिवला का अब्बांनी?" तर म्हणे, "मापच घेत नाहीत. आधी सनद आण म्हणतात." सनद म्हणजे वकिलीचा परवाना.

वकिलाच्या मुलानं सांगितलं ते मलाही नवीन होतं. "मला कुणी विचारलंच नाही काय करायचं. आठवीत होतो तेव्हाच पाटीवर माझं नाव कुठं येणार ती जागा मोकळी सोडलेली. आणि लेक्चरला सर माझ्याकडं बघून म्हणतात, तुला माहीत असेल. मला काही माहीत नसतं हो!" ती तेव्हा पहिल्यांदा हसली.

इंग्रजीचा विषय तिनंच काढला, खाली बघत. बीडचा म्हणाला, "माझं ऐक. पहिल्या वर्षी कराराच्या कायद्यात कन्सिडरेशनवर प्रश्न आला. मी कन्सिडर म्हणजे विचार करणे धरलं आणि पानभर लिहिलं, करार करताना माणसानं नीट विचार करावा म्हणून." कायद्यात तो शब्द मोबदल्यासाठी आहे. सगळे हसले, पण कराडच्या ताई गप्प. मग म्हणाल्या, "मी पण तेच लिहिलं होतं. फक्त चांगल्या इंग्रजीत."

मग मेजरनी पिशवीतून बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याची नुसती मूळ कलमं असलेलं पुस्तक, काढला. भारतीय न्याय संहिता, एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी, समासात पेन्सिलीनं बारीक अक्षर. "वाच," म्हणाले. चोरीचं कलम, ३०३. जुन्या दंड संहितेत ते ३७८ होतं. १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले आणि मुरलेल्या वकिलांनाही कलमांचे आकडे नव्यानं पाठ करावे लागले. तिनं अडखळत इंग्रजी वाचलं, मग मराठी. मेजरनी बोटांवर मोजत तुकडे पाडले: वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी पाहिजे, दुसऱ्याच्या ताब्यातली पाहिजे, त्याची संमती नको, मनात लबाडी पाहिजे, आणि ती वस्तू हलवली पाहिजे.

ती थोडा वेळ पुस्तकाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आमची मेंढरं रस्त्यानं चालली की एखादं दुसऱ्याच्या कळपात आपसूक मिसळतं. त्यानं नेलं नाही, तेच गेलं. मग ती चोरी का?"

पुढची वीस मिनिटं माझा चहा गार झाला. बीडचा म्हणाला, त्यानं हलवलंच नाही तर चोरी कशी? शिंप्याचा मुलगा म्हणाला, थांब, जनावराला चालायला लावलं की ते हलवणंच झालं, खाली स्पष्टीकरण आहे. कानाची खूण बघून, दुसऱ्याचं आहे हे कळूनही पुढं हाकललं तर? वकिलाचा मुलगा म्हणाला, मेंढरू धन्याच्या ताब्यातून आधीच सुटलेलं असेल तर हा अपहार, कलम ३१४ बघा. "पण ताबा सुटला कधी?" हिनं विचारलं. "आबा मागं काठी घेऊन हायतच की." मेजर तोवर कलमाखालची उदाहरणं वाचत होते. दुसऱ्याच्या जागेतलं झाड तोडणारा. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचं कुत्रं मागं यायला लावणारा. खजिन्याची पेटी लादलेला बैल वाटेत भेटला म्हणून तो हाकणारा.

"ह्यात कुत्रं, बैल पण असतात?" ती म्हणाली. आणि सरकून मेजरच्या शेजारी बसली, पुस्तक दिसावं म्हणून.

मी नंतर फार विचार केला की तिथं नेमकं झालं काय. माझ्या बोलण्यात नव्हतं ते या पाच जणांत कुठून आलं? ते तिच्यापेक्षा फक्त वर्ष-दीड वर्ष पुढं होते, एवढंच मला सापडलं. चुका ताज्या होत्या आणि सांगायला लाज वाटत नव्हती. ज्येष्ठ वकिलांना आपली पहिली चूक आठवतही नसेल. म्हणून आता कुणी लॉचं नाव काढलं की आधी दोन विद्यार्थी गाठून देते, माझं व्याख्यान मागाहून. पालकांना ते फारसं आवडत नाही, त्यांना 'सेट झालेला माणूस' भेटायचा असतो.

त्या पाच जणांनी गोड गोड काही सांगितलं नाही, हेही लिहायला हवं. कराडच्या ताईंनी स्पष्ट सांगितलं की ज्युनिअर म्हणून पहिली दोन-तीन वर्षं पेट्रोल सुटलं तरी नशीब, काही सीनिअर काहीच देत नाहीत. बीडच्या मुलाला न्यायाधीशाची परीक्षा द्यायचीय. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा आणली, तेव्हापासून ती तीन वर्षं खायचं काय याचा हिशेब तो घालतोय. वकिलाच्या मुलाला तो हिशेब घालायचा नाही. फरक आहेच, आणि तो मुलगा तेव्हा मान खाली घालून वडापावचा कागद दुमडत बसला होता.

आता जे मला फोनवर रोज विचारतात ते एकदाच सांगते. लॉचा अभ्यासक्रम पदवीनंतर तीन वर्षांचा, बारावीनंतर पाच वर्षांचा. किमान गुण खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देता येते. राज्याची सीईटी मराठीतूनही असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट वेगळी. ती इंग्रजीत असते आणि चुकलं की पाव गुण जातो. दोन्हींची गल्लत करून कितीतरी मुलं घाबरून बसतात. मुलींसाठी २०२४-२५ पासून, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे; आर्थिक दुर्बल, ओबीसी, मराठा आरक्षणातल्या मुली त्यात येतात. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर मे महिन्यात काढायला गेलात तर रांगेत मराल, आधी काढा. खोलीचं भाडं, मेस मात्र तुमचं तुम्हालाच. सनदेच्या नोंदणीला पूर्वी बरेच पैसे लागायचे. जुलै २०२४ च्या निकालानंतर बार कौन्सिलला खुल्या गटाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांच्या वर घेता येत नाहीत. त्यानंतरची अखिल भारतीय बार परीक्षाही मराठीतून देता येते.

आणि इंग्रजी. राज्यातल्या खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. उच्च न्यायालय इंग्रजीतच चालतं, पण तेही आता फार लांब राहिलं नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला त्याचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसतं आणि सातारा, सांगली त्यात आले. इंग्रजी शिकावं लागतं, यात वाद नाही. पण आधी इंग्रजी, मग कायदा असं कुणी करत बसलं तर दोन्ही राहतं. मेजरच्या समासातली पेन्सिल आठवा.

त्या रविवारी तिची साडेबाराची एसटी चुकली. उतरताना ती कराडच्या ताईंना विचारत होती, पहिलं लेक्चर किती वाजता, दहिवडीची पहिली गाडी तोवर पोचते का. ताई म्हणाल्या, माझीही पोचत नाही. शिंप्याच्या मुलानं लगेच हजेरीच्या ७० टक्क्यांचा हिशेब मांडला आणि दोघींना झापलं. चुलतभाऊ मागून पिशवी घेऊन चालला होता. येताना ती पिशवी तिच्या छातीशी होती.

फॉर्म तिनं भरलाय, मराठी माध्यम निवडून. लागेल न लागेल, अभ्यास चालू आहे. मेजरनी आपला जुना बेअर अ‍ॅक्ट दिला, पण त्यातली पेन्सिल खोडायची नाही या अटीवर.

त्या रविवारी रात्रीच त्या पाच जणांनी तिला आपल्या ग्रुपवर घेतलं होतं. शिंप्याच्या मुलानं मला तिचा पहिला मेसेज दाखवला. "आबांना विचारलं. ते म्हणतात, खूण बघून हाकललं तर चोरीच. आणि खूण बघितलीच नाही असं म्हणणारा मेंढपाळ नव्हंच."

खाली वकिलाच्या मुलाचं उत्तर होतं: "आबांना विचार, साक्षीला येतील का?"