जठराच्या लिम्फोमासाठी शस्त्रक्रिया करावी का?

वडिलांच्या जठरात लिम्फोमा निघाला असून एक डॉक्टर जठर काढायला सांगतात, तर दुसरे केमोथेरपीवर भागेल म्हणतात. यात कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरात मी बरीच वर्षे पोटाच्या शस्त्रक्रिया करीत आलो आहे, तरीही माझे मत दुसऱ्या डॉक्टरांकडे झुकते.

आम्ही शिकत होतो तेव्हा जठर काढणे हाच रिवाज होता. परंतु लिम्फोमा हा पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग आहे आणि त्याचा सावकाश वाढणारा माल्ट नावाचा प्रकार अस्तरात अनेक ठिकाणी विखुरलेला असू शकतो, त्यामुळे दिसणारा भाग कापूनही रोग मागे राहतो. १९९३ मध्ये लंडन व इटलीतील संशोधकांनी अशा सहा रुग्णांना केवळ हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवरची प्रतिजैविके दिली आणि पाच जणांची गाठ विरली. औषधाने कर्करोग जातो, यावर तेव्हा आमच्यापैकी कित्येकांचा विश्वास बसला नव्हता. जंतू नसेल किंवा गोळ्यांनी गुण आला नाही, तर मर्यादित किरणोपचार पुरतात. वेगाने वाढणाऱ्या प्रकारात रिटुक्सिमॅब या औषधासह केमो देतात आणि जठर शाबूत ठेवून बरे होणारे रुग्ण पुष्कळ असतात.

चाकू लागतो तो जठराला छिद्र पडल्यास, दुर्बिणीतून रक्तस्राव थांबेना झाल्यास किंवा अन्नाची वाट बंद झाल्यास. करवीर तालुक्यातील एका गुऱ्हाळवाल्याचे जठर अशाच रक्तस्रावामुळे मला पूर्ण काढावे लागले. जीव वाचला, पण आता ते पाव-पाव भाकरी दिवसातून सहा-सात वेळा खातात, बी-१२ चे इंजेक्शन कायमचे लागले आहे, आणि स्वतःच्याच गुऱ्हाळावर पेलाभर उसाचा रस प्यायले की घाम फुटून छातीत धडधडते, कारण गोड थेट आतड्यात उतरते.

म्हणून आधी तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याच्या (बायॉप्सीच्या) अहवालात नेमका प्रकार आणि जंतूचा उल्लेख आहे का, ते पाहा. नसेल तर तोच तुकडा अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या. रिटुक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी झालीच पाहिजे. केमो सुरू झाल्यावर, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, शौचास डांबरासारखी काळी झाली किंवा पोट एकाएकी दुखून फळीसारखे कडक झाले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच, जिथे सर्जन हजर असतो अशा रुग्णालयात त्यांना न्या.